देवाला निघालेला माणूस

अण्णा, माझा नवरा देवाला निघाला तेव्हाच मी सावध झाले.

तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते आणि हा पुण्यात कुठल्या तरी मैदानावर क्रिकेट खेळत असणार. तुम्हाला तो आवडला असता, कारण तोही तुमच्यासारखाच, बायको देवळात गेली की बाहेर चपला राखत उभा राहणारा. लग्नानंतर मी जितक्या देवळांत गेले तितक्या देवळांबाहेर त्याने माझी पर्स धरली आहे. आम्हाला ऑस्ट्रेलियात येऊन आता अर्धं आयुष्य झालं. इथे कालगुर्लीला, या सोन्याच्या खाणींच्या गावात, आम्ही चार मराठी घरं मिळून गणपती बसवतो. तेव्हा हा प्रसादाला पहिला, आणि आरती सुरू झाली की याला हमखास बाहेर जाऊन गाडी नीट लावायची असते. असा माणूस एका रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "अगं, पर्थच्या वर तो साधूंचा जुना रस्ता आहे ना, त्याचा लास्ट स्ट्रेच लोक चालतात. जाऊया का आपण?" मी चहाचा कप खाली ठेवला. "कोण साधू?" मी म्हणाले. तर याला सगळं पाठ होतं. फार पूर्वी स्पेनहून आलेल्या ख्रिस्ती साधूंनी म्हणे इथल्या रानात खूप आत एक मठ बांधला. पीठ, मीठ, पैसे, परवानग्या, सगळ्यासाठी ते पर्थला पायी यायचे आणि पायी परत जायचे. त्यांच्या वाटेने आता भाविक चालतात. ज्यांना सुट्टी कमी ते शेवटचा टप्पाच चालतात, आणि तेवढं केलं तरी चालतं. "तुला कधीपासून ख्रिस्ती साधूंचं प्रेम?" मी विचारलं. तो म्हणाला, "प्रेमबिम नाही गं. नुसतं चालायचं."

नुसतं चालायचं. तुम्ही म्हणाला होतात, नुसतं दर्शन घेऊन येतो.

तुमचं देवाला लागणं मला एकेक दिवस धरून आठवतं, अण्णा. आई सोवळ्यात असली की तुम्ही मुद्दाम तिच्या जवळून जायचात आणि "तुझा देव लुगड्याला घाबरतो" म्हणून तिला चिडवायचात. आणि माझ्या दहावीच्या वर्षी, गणपती झाल्यावर, तुम्ही दर गुरुवारी पहिल्या एस.टी.ने दत्ताच्या वाडीला जायला लागलात. मग गुरुवारचं मौन धरलंत. मग ते मौन रोजचं झालं, आणि आमच्याशी तुम्ही माझ्या लहानपणच्या पाटीवर लिहून बोलायला लागलात. दिवाळीनंतर अनुष्ठान आहे म्हणून वाडीला मुक्कामालाच राहिलात. परत आलात तेव्हा मानेची कातडी काळी पडली होती. घाटावर उन्हात बसून रापली, असं पाटीवर लिहिलंत. थंडीच्या दिवसांतलं ऊन माणसाची फक्त मानच कशी भाजतं, हा प्रश्न गल्लीत कुणालाच पडला नाही. मग अन्न सोडलंत. फक्त पेज घ्यायची, असा नेम आहे, असं लिहिलंत.

आईचं स्वयंपाकघर मला आत्ता दिसतंय. ती पहाटे उठते, अंघोळ करते, ओल्या केसांचा अंबाडा घालून सोवळं नेसते आणि तुमची पेज वेगळ्या पातेल्यात शिजवते. शीत राहू नये म्हणून ती दोनदा फडक्यातून गाळते, कारण गाळलेली पेज हवी हाही तुमच्या नेमाचाच भाग आहे. तिच्या तोंडावर इतकं समाधान आहे की मला तिचा हेवा वाटतो. "उशिरा का होईना, ओळखला यांनी देव," असं ती शेजारणींना सांगते. शेजारणी येताजाता तुमच्या पाया पडतात. मी शाळेत सांगते की आमचे अण्णा मौनात असतात. संध्याकाळी मी भूमितीचं पुस्तक घेऊन तुमच्या समोर बसते. तुम्ही पेन्सिलीने माझी चूक दाखवता, मी मान हलवते आणि काही बोलत नाही, कारण मौनातल्या माणसाशी बोललं तर त्याचा नेम मोडतो असं मला आईने बजावलंय. शेवटचे कितीतरी महिने मी तुमच्याशी बोललेच नाही, अण्णा. तुम्ही वाडीहून परत यायचात तेव्हा हातात कवठाच्या बर्फीचा पुडा असायचा, तोसुद्धा मी न बोलता घ्यायचे.

तेराव्याला काका सोप्यात बसून सगळ्यांदेखत रडले आणि म्हणाले, "वाडी कसली घेऊन बसलात! मिरजेच्या दवाखान्यात लाइट, ते रेडिएशन, घ्यायला जायचा तो. घशाचा कॅन्सर होता." आईला म्हणे शेवटच्या आठवड्यात कळलं होतं. मला तेव्हा कळलं. मिरजेहून वाडी जवळ, म्हणून तुम्ही दत्ताला निवडलंत. आवाज गेला त्याचं मौन केलंत, गिळता येईना त्याचा नेम केलात. आमच्या गल्लीत इतकं बेमालूम खोटं कुणी बोललं नसेल. आणि हे त्या माणसाने केलं, ज्याने मला खोटं म्हणजे काय ते शिकवलं होतं. आठवतं का, कारखान्याच्या तुमच्या लॅबमध्ये मी सुट्टीत यायचे. उसाच्या रसाचा नमुना यायचा, मळीचा वास सगळीकडे भरलेला असायचा, आणि तुम्ही मला थर्मामीटर वाचायला द्यायचात. एकदा मी न बघताच मागचाच आकडा सांगितला. तुम्ही शिपायासमोर म्हणालात, "न बघता सांगितलंस. याला खोटं म्हणतात, दुसरा शब्द नाही." मग स्वतः पुन्हा नमुना घेतलात. नमुना दोनदा घ्यायचा, हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं ते बसलंच.

त्याच सवयीवर मी इथे पोट भरते. सोन्याच्या खाणीतून येणारा दगड दळायचा, भट्टीत वितळवायचा आणि त्यात सोनं किती ते सांगायचं, असं माझं काम. आमच्या लॅबमध्ये एक गंमत असते. खाणवाले नमुन्यांच्या पोत्यांत मधेच एखादा निव्वळ फुकट दगड मिसळून पाठवतात. त्यात सोनं मुळीच नाही हे त्यांना ठाऊक असतं, आम्हाला नसतं. त्याला ब्लँक म्हणतात. आम्ही त्यात सोनं सापडलं म्हणून कळवलं की आमची लबाडी किंवा गचाळपणा उघडा पडतो. मी घरातही हेच करते. ज्या प्रश्नाचं उत्तर मला आधीच माहीत आहे तो प्रश्न मी अगदी साध्या आवाजात विचारते आणि समोरच्याचं तोंड बघते. मुलगा लहान असताना याला "आईची टेस्ट" म्हणायचा. आता तो डार्विनला गॅसच्या कंपनीत इंजिनिअर आहे, आणि त्याची गर्लफ्रेंड मला सांगत होती की तोही तिला असेच प्रश्न विचारतो. मला बरं वाटलं. एकदा फसलेल्या घरातली माणसं सावध असलेलीच बरी.

तर त्या रविवारनंतर मी नवऱ्याच्या मागे लागले, म्हणजे त्याला कळणार नाही अशा बेताने. आणि जितकं बघत गेले तितकं काळीज घाबरत गेलं. या माणसाने वर्षानुवर्षं न बोललेल्या भावाला फोन केला. चहातली साखर सोडली. मी केलेल्या उपम्याला "छान झालाय" म्हणाला, जे तो आमच्या लग्नापासून म्हणालेला नव्हता आणि त्या दिवशी तो झालाही नव्हता. मी भांडण उकरून काढलं तर म्हणाला, "बरं, तुझं खरं." त्याआधीच्या महिन्यात तो त्याच्या खाणीचं ट्रेनिंग आहे म्हणून विमानाने पर्थला जाऊन आला होता. त्याच्या ऑफिसातल्या एकाची बायको माझ्या लॅबमध्ये आहे. मी तिला सहज विचारलं. तसं काही ट्रेनिंग झालेलंच नव्हतं. आधी मला वाटलं, बाई असेल. खरं सांगते, दोन दिवस मी बाई असावी असं मनापासून म्हणत होते, कारण बाईशी भांडता आलं असतं. पण बाईसाठी कोणी सख्ख्या भावाला फोन करत नाही.

मी म्हटलं, चल, जाऊया.

एवढा लांबचा प्रवास करून आम्ही तिथे पोचलो तर आठ-दहा जणांचा घोळका आणि त्यांची पुढारी एक निवृत्त शाळामास्तरीण. रुंद टोपी, पायात जुने बूट, आणि सगळ्यांना "लव्ह" म्हणायची सवय. तिने आम्हाला एकेक कार्ड दिलं. प्रत्येक मुक्कामावर त्यावर शिक्का मारून घ्यायचा. "हे कार्ड शेवटी कुणाकडे जातं?" मी विचारलं. "You keep it, love," ती म्हणाली. मला पटलं नाही. इतक्या प्रेमाने चहा देणारे लोक शेवटी कशावर तरी सही करायला लावतात असा माझा अनुभव आहे. मी चहा घेतला, पण कार्डाच्या मागची बारीक अक्षरं वाचून मग घेतला. रोज सकाळी ती आधी या भूमीच्या मूळ लोकांचं स्मरण करायची आणि मग एक छोटी प्रार्थना म्हणायची. माझा नवरा दोन्ही वेळा टोपी काढून उभा. गणपतीच्या आरतीला गाडी लावायला जाणारा माणूस! मी डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होते, आणि त्याचे मात्र मिटलेले होते.

रस्ता म्हणावा तर लाल खडीचा, दोन्हीकडे कुंपणं. एका बाजूला कॅनोलाची, आपल्या मोहरीसारखी पिवळी शेतं, दुसऱ्या बाजूला मेंढ्या. मधेच गुलाबी फुलांचे तुकडे, कागदासारखी कुरकुरीत फुलं. शेतकऱ्यांच्या जमिनीतून वाट जाते म्हणून फाटक उघडायचं आणि मागचा माणूस आला की बंद करायचं, एवढा एक नियम. मी शाळामास्तरणीला विचारलं, "साधू नेमके इथूनच गेले होते कशावरून?" ती थांबली, टोपी मागे सारली आणि म्हणाली, "Near enough, love." अण्णा, तुम्ही असतात तर त्या 'निअर इनफ'वर तिला अर्धा तास बोलला असतात. मला त्या बाईचा मात्र पहिल्यांदाच थोडा भरवसा वाटला, कारण तिने ठोकून दिलं नाही.

पण बाकी सगळ्याचा मला संशय येत होता. कोणीच कोणाला विचारत नव्हतं की तुम्ही का आलात. आपल्याकडे दोन माणसं भेटली तर गाव, नोकरी, मुलंबाळं सगळं एका दमात निघतं. इथे माझ्यापुढे एक थोराड माणूस चालता चालता उघड उघड रडत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे लोक सरळ समोर बघत चालले होते. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, याला कोणी काही विचारत का नाही?" तो म्हणाला, "म्हणून तर येतात लोक इथे." हे वाक्य मी दिवसभर चघळत बसले. दुपारी झाडाखाली सँडविच खाताना मी माझा ब्लँक टाकला. "ते पर्थचं ट्रेनिंग कसं झालं रे? तू काही सांगितलंच नाहीस." त्याने पावाचा कोपरा तोडला, चावला आणि म्हणाला, "बोअरिंग. व्हेंटिलेशनचंच, नेहमीचं." मी विचारलं, "जेवायला काय होतं?" "रॅप्स," तो म्हणाला. फुकट दगडात सोनं सापडलं, अण्णा. मी डब्याचं झाकण लावलं. एवढ्यात झाडावरच्या मॅगपाय पक्ष्याने माझ्या डोक्यावर झडप घातली. वसंतात त्यांची पिल्लं असतात, ते माणसाला चोची मारत सुटतात. मी डबा डोक्यावर धरून पळाले, तो पक्षी माझ्या मागे, सगळे हसतायत, नवराही हसतोय, आणि मलाही इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता मी त्याच्याकडे बघितलं तर तो हसायचा थांबून माझ्याकडेच बघत होता. मला ती नजर आवडली नाही.

रात्री एका छोट्या गावच्या हॉलमध्ये चटया टाकून झोपलो. तो घोरतोय की नाही हे मी ऐकत राहिले. त्याच्या पाठीवर हात ठेवून गाठबीठ लागते का तेही बघून घेतलं. त्याला वाटलं मी प्रेमाने हात फिरवतेय. तसंही होतंच म्हणा.

शेवटच्या दिवशी दुपारी एका फाटकापाशी शाळामास्तरणीने सगळ्यांना थांबवलं. "From this gate we walk in silence," ती म्हणाली. "Right through to the monastery. It'll take us most of the arvo. No phones, no chat. You'll be surprised what comes up." मठ येईपर्यंत अख्खी दुपार गप्प चालायला सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या नवऱ्यानेही हलवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी सुटका पाहिली. ओझं खाली ठेवल्यावर हमालाचा होतो तसा चेहरा झाला त्याचा. चला, आता संध्याकाळपर्यंत हिला काही सांगायला नको! तो माझ्या पुढे चालायला लागला. फक्त बुटांखाली खडी वाजत होती. मी त्याच्या मानेकडे बघत चालले होते. मान गोरीच होती, उन्हाने थोडी लाल. पण मला ती काळी दिसायला लागली. मला पाटी दिसली, पेन्सिल दिसली, भूमितीचं पुस्तक दिसलं. मला परत एका माणसाच्या मौनाचा मान राखायला सांगत होते, आणि मी परत तो राखत होते.

"तुला काय झालंय?" मी ओरडले. मराठीत, त्या रानात, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. सगळा घोळका थांबला.

तो वळला. हळू आवाजात म्हणाला, "आत्ता नको."

"आत्ताच. मौनबिन गेलं खड्ड्यात. ट्रेनिंग नव्हतंच. तुला काय झालंय ते सांग, नाहीतर मी इथून हलणार नाही."

शाळामास्तरीण मागे आली. "You right, love?" नवरा म्हणाला, "All good, all good." मी म्हटलं, "No. Not all good." तिने आमच्या दोघांकडे एकदा बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना हाताने पुढे चला म्हणून खूण केली. ते गेले. आम्ही दोघं रस्त्याकडेच्या आडव्या पडलेल्या खोडावर बसलो, आणि त्याने सांगितलं. लगेच. एका वाक्यात.

"खाणीच्या मेडिकलमध्ये छातीचा स्कॅन केला ना, त्यात उजव्या बाजूला काहीतरी दिसलं. पर्थला जाऊन बायोप्सी करून आलो. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आहे."

मला काय सुचावं? मी विचारलं, "एकच तुकडा घेतला की दोन?" तो हसायला लागला. "तीन घेतले. मला माहीत होतं तू हेच विचारणार." मग तो हसता हसता थांबला आणि त्याने माझा हात धरला. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगायलाच तर आणलं इथे. घरी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या मिनिटाला लॅपटॉप उघडून बसली असतीस. मला आधी नुसतं तुला सांगायचं होतं. काल दुपारी सांगणार होतो, पण तो पक्षी तुझ्या मागे लागला आणि तू किती दिवसांनी एवढी हसत होतीस. म्हटलं, अजून थोडा वेळ." "आणि डोळे मिटून प्रार्थना?" "घाबरलोय गं," तो म्हणाला. "जे मिळेल ते धरतोय."

अण्णा, मला भीती तर वाटलीच. पण त्याच्याही आधी मला आनंद झाला. मला सांगितलं! मी विचारलं आणि माणसाने सांगितलं, इतकं ते सोपं होतं. मी त्या खोडावर बसून त्याच्या छातीला डोकं लावून रडले, उजव्या बाजूला दुखेल म्हणून डावीकडे. आणि रडता रडता मला तुमचा असा संताप आला की तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला गदागदा हलवलं असतं. तुम्ही नुसतं पाटीवर लिहायचं होतंत, 'मला बरं नाही'. मी मौन मोडलं असतं. मला तुम्हाला खूप काही विचारायचं होतं, आणि तुमच्या तोंडून आवाज आला नसता तरी मी माझं बोलले असते की नाही?

उरलेल्या वाटेवर बाकीचे गप्प चालत होते आणि आम्ही दोघं मागून बोलत चाललो होतो. त्याला पुन्हा एकदा तुमची सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "तुझी दहावी वाचवली त्यांनी." मी म्हटलं, "दहावी दर वर्षी असते." मग त्याने पावलं हळू केली, आणि मला कळलं की आता काहीतरी मागणार. तो म्हणाला, "एक ऐकशील? पोराला इतक्यात सांगू नको. तो उद्या ऑफशोअर जातोय. हेलिकॉप्टरने समुद्रात, मग तीन आठवडे त्या प्लॅटफॉर्मवर. तिथे लक्ष विचलित झालेला माणूस म्हणजे धोका. रिपोर्ट येऊ दे." मी तिथल्या तिथे थांबले. "अजिबात नाही," म्हणाले. "मी पोराशी खोटं बोलणार नाही. हे मी तुला आत्ता सांगून ठेवते. जे माझ्या बापाने माझ्याशी केलं ते मी माझ्या मुलाशी करणार नाही. त्याने विचारलं की मी सांगणार." तो म्हणाला, "ठीक आहे. तू ठरव." आणि चालायला लागला.

झाडांच्या वर मठाचे मनोरे दिसायला लागले. जवळ गेलो तर ऑलिव्हची जुनी झाडं, दगडी भिंत, आणि काळ्या झग्यातले एक म्हातारे साधू दारात पाण्याचा जग घेऊन उभे. त्यांनी आमच्या कार्डावर शेवटचा शिक्का मारला. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही की याचं पुढे काय करायचं. नवरा नळावर तोंड धुवायला गेला. आणि फोनला रेंज आली. एकामागून एक टुणटुण वाजायला लागलं, आणि लगेच मुलाचा फोन.

"Aai! Finally. कालपासून ट्राय करतोय."

"अरे रेंज नव्हती रानात."

"तू म्हणालीस वॉकला जातोय. I looked it up. It's a pilgrimage. Dad doesn't do God, Aai. तो गणपतीला पार्किंगमध्ये उभा असतो." मग त्याचा आवाज बदलला. "Aai, I'm asking you straight. Is someone sick?"

बघा अण्णा, माझंच पोर. त्याने मी जे विचारायला हवं होतं ते विचारलं, आणि सरळ विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं. नवरा नळापाशी पाठमोरा उभा होता, पाणी तसंच वाहत होतं. त्याला ऐकू जात होतं की नाही मला माहीत नाही. मी म्हणाले, "छे रे! आजारी कोण? मीच म्हटलं तुझ्या बाबाला. या वयात मला आता जरा देवाधर्माचं करावंसं वाटायला लागलंय. तो बिचारा माझ्यासाठी आलाय."

"You?"

"मग? मी काय देवाची दुश्मन आहे? इथे फार शांत वाटतं. आता दर वर्षी एखादं असं करायचं म्हणते मी."

"Swear?"

"देवाशप्पथ," मी म्हणाले.

तो हसला. खळखळून हसला. "Good on you, Aai. You freaked me out, मला वाटलं काहीतरी झालंय." मग तो त्याच्या बॅगेबद्दल, हेलिकॉप्टरच्या वेळेबद्दल, गर्लफ्रेंडने घेतलेल्या मांजराबद्दल बोलत राहिला, आणि मी हूं हूं करत राहिले. जपून जा म्हणाले. फोन ठेवला.

हे मी कालगुर्लीला घरी बसून लिहितेय. तो मागच्या अंगणात गवत कापतोय, मशीनचा आवाज येतोय. उद्या पहाटेच्या विमानाने पर्थला रिपोर्टला जायचंय, दोघांनी. त्याने मघाशी खिडकीतून विचारलं, काय लिहितेस एवढं? मी म्हटलं, लॅबचं काम. हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि घरात ठेवायची सोय नाही, कारण पोरगा सुट्टीवर आला की आधी माझी कपाटं उघडतो. तेव्हा फाडूनच टाकीन.

तुम्ही चुकलात असं मी अजूनही म्हणते. ते मी मागे घेणार नाही. मला तुमच्याशी बोलायचं होतं आणि तुम्ही ते बोलणं माझ्याकडून काढून घेतलंत. मला इतकी वर्षं वाटायचं की असं खोटं बोलताना माणसाला आतून टोचत असेल, रात्री झोप लागत नसेल, निदान जीभ तरी अडखळत असेल. तसं काही होत नाही. पोराच्या आवाजातली भीती गेली, ती मी घालवली होती, आणि तो माझ्या कानात हसत होता. मला फार बरं वाटलं, अण्णा.